लाइट गेल्यावर यादी कुठे जाते?

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल पत्रं पाठवणाऱ्यांना आधी एक विनंती. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. त्यात कोडपेक्षा ट्यूबलाइट जास्त दिसते. कोड टाइप करून पाठवा, मी तो माझ्या मशिनवर चालवून बघते. उत्तरात मात्र कोड जसाच्या तसा छापत नाही. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली याला अर्थ असतो, आणि मासिकाच्या अरुंद कॉलममध्ये ती जागा टिकत नाही. म्हणून शब्दांतच सांगते.

मॅडम, आमचं टॉवेलचं युनिट आहे. पॅकिंग झालेल्या गठ्ठ्यांची नोंद पायथनमध्ये करतोय. ‘गठ्ठा’ नावाचा क्लास केला, त्यात डिझाइन नंबर, रंग, नग. लूपमध्ये एकेक गठ्ठ्याची माहिती विचारतो आणि यादीत अपेंड करतो. ५ गठ्ठे भरले, यादीची लांबीही ५ दाखवतंय. पण प्रिंट केलं तर पाचही ठिकाणी शेवटचाच गठ्ठा, गुलाबी, १२० नग. पहिले चार कुठं गेले? हे पायथन काय करायलंय कळंना.
*– अक्कलकोट रोड एमआयडीसी*

पहिले चार कुठेच गेले नाहीत, कारण ते तयारच झाले नव्हते. क्लास म्हणजे साचा, त्यातून बनते ती वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. लूप म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी, आणि अपेंड म्हणजे यादीच्या शेवटी जोडणं. तुमच्या कोडमध्ये ‘ग बरोबर गठ्ठा, कंस उघडा, कंस बंद’ ही ओळ लूपच्या वर आहे. म्हणजे गठ्ठा एकदाच बनला. लूपमध्ये तुम्ही त्याच एका गठ्ठ्याचा रंग बदललात, नग बदलले आणि प्रत्येक वेळी तोच पुन्हा यादीत टाकलात.

यादीत वस्तू जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वस्तू मेमरीत आपल्या जागी असते आणि यादीत फक्त तिचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी जाते. तुमच्या यादीत पाच चिठ्ठ्या आहेत आणि पाचही एकाच दारावर जातात. त्या दारामागे आत्ता गुलाबी, १२० नग आहे, म्हणून पाचही वेळा तेच दिसतं. खात्री करायची असेल तर यादीतल्या प्रत्येक घटकावर ‘आयडी’ हे फंक्शन चालवा. पाच वेळा एकच आकडा येईल.

उपाय एका ओळीचा आहे. गठ्ठा तयार करणारी ओळ लूपच्या आत न्या. पण मी तुमच्या जागी असते तर तेवढ्यावर थांबले नसते. तुमच्या क्लासमधून रिकामा गठ्ठा तयार होऊ शकतो, ही खरी अडचण. पॅकिंगमध्ये डिझाइन नंबर नसलेला, नग न मोजलेला गठ्ठा कोणी शिवतं का? मग क्लासलाही ती मुभा नको. ‘इनिट’ला, म्हणजे गठ्ठा बनताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनला, सेल्फनंतर (सेल्फ म्हणजे तो गठ्ठा स्वतः) डिझाइन, रंग आणि नग मागायला लावा. ते दिल्याशिवाय गठ्ठा बनणारच नाही. माहिती लूपच्या आत मिळते, त्यामुळे गठ्ठाही आपोआप लूपच्या आतच तयार करावा लागेल.

याच जातीचे आणखी दोन गोंधळ तुमच्याच फाइलमध्ये आहेत, अजून उघडे पडलेले नाहीत इतकंच. एका ठिकाणी तुम्ही ‘जुनी यादी बरोबर यादी’ असं लिहून बॅकअप घेतला आहे. तो बॅकअप नाही, त्याच यादीला दिलेलं दुसरं नाव आहे. इकडे गठ्ठा वाढवला की तिकडेही वाढेल. ‘कॉपी’ वापरलंत तर यादी नवी मिळते, पण तिच्यातले गठ्ठे जुनेच राहतात. सगळंच वेगळं हवं असेल तर ‘कॉपी’ मॉड्यूलमधलं (मॉड्यूल म्हणजे वापरायला तयार कोडचा संच) ‘डीपकॉपी’ आहे.

दुसरा गोंधळ: क्लासच्या नावाखाली, इनिटच्या बाहेर, तुम्ही दोष लिहायची रिकामी यादी ठेवली आहे. ती साऱ्या गठ्ठ्यांत मिळून एकच असते. एका गठ्ठ्यात ‘कडा उसवली’ असं अपेंड केलंत की तो दोष कारखान्यातल्या प्रत्येक गठ्ठ्याला चिकटेल. ती यादी इनिटमध्ये, सेल्फला जोडून तयार करा.

क्लासचं नाव तुम्ही देवनागरीत ठेवलंय. पायथन ३ ला ते चालतं, मलाही आवडलं. पण इफ आणि फॉर इंग्रजीतच लिहावे लागतात, त्यामुळे दर ओळीला कीबोर्ड बदलायचा वैताग येतो. तुमचं तुम्ही ठरवा.

यादीत विद्यार्थ्यांचे ऑब्जेक्ट आहेत. प्रिंट केलं की नावांऐवजी ‘ऑब्जेक्ट ॲट’ आणि पुढे शून्य-एक्सने सुरू होणारा लांबलचक आकडा येतो. सरांनी सांगितल्याप्रमाणे ‘एसटीआर’ मेथड लिहिली, तरी तेच.
*– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर*

सरांनी अर्धं सांगितलं. मेथड म्हणजे क्लासच्या आत लिहिलेलं फंक्शन. एकटा विद्यार्थी प्रिंट केलास तर एसटीआर चालते. यादी प्रिंट केलीस तर आतल्या प्रत्येकासाठी पायथन ‘रेपर’ ही दुसरी मेथड शोधतं. ती नसली की क्लासचं नाव आणि पत्ता छापून मोकळं होतं. दोन्हीकडे पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोअर विसरू नकोस. एकच लिहायची असेल तर रेपर लिही, एसटीआर नसेल तिथे पायथन तीच वापरतं. आणि क्लासचं काम फक्त माहिती धरून ठेवण्याचं असेल, तर ‘डेटाक्लास’ बघ. २०१८ साली आलेल्या ३.७ आवृत्तीपासून ते पायथनसोबतच मिळतं. त्यात इनिट आणि रेपर आयतं तयार होतं. परीक्षेत मात्र हातानेच लिहावं लागेल.

ताई, आमच्या बचत गटाचं शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं काम आहे. ऑर्डरी मी पायथनच्या यादीत घेते. प्रोग्रॅम बंद केला की सगळं पुसलं जातं. परवा मध्येच लाइट गेली आणि सकाळपासूनच्या ऑर्डरी गेल्या, गिऱ्हाइकांना परत फोन करत बसले. मुलगा म्हणतो डेटाबेस शीक. भाचा म्हणतो जेसन फाइल पुरे. आता गड्डा यात्रा आली, ऑर्डरी वाढतील. कोणाचं ऐकू?
*– बाळे*

मुलाचं. पण भाच्याचं म्हणणंही समजून घ्या, कारण त्याच्या वाटेनं काय काय होतं हे कळलं की मुलाचं पटेल.

तुमची यादी मेमरीत, म्हणजे रॅममध्ये असते. रॅमला वीज मिळते तोवरच तिथलं टिकतं, आणि प्रोग्रॅम संपला की त्याची जागा तशीही काढून घेतली जाते. टिकवायचं ते डिस्कवर लिहायला हवं. इथवर मुलगा आणि भाचा दोघांचं एकमत आहे.

जेसन म्हणजे साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येही उघडते. ऑर्डर हा तुमचा स्वतःचा क्लास, तो जेसनला माहीत नाही. तशीच यादी दिलीत तर ‘सीरिअलायझेबल नाही’ अशी तक्रार करून थांबेल. आधी प्रत्येक ऑर्डरीची डिक्शनरी, म्हणजे नाव आणि माहिती अशा जोड्या, करा, ‘व्हार्स’ फंक्शन ते करून देतं. फाइल परत वाचाल तेव्हा ऑर्डरी मिळणार नाहीत, डिक्शनऱ्या मिळतील. त्यांच्यापासून पुन्हा ऑर्डरी घडवायचा कोड तुम्हालाच लिहावा लागेल. तारीखही जेसनला कळत नाही, ती मजकूर म्हणून ठेवायची. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की क्रमही बरोबर लागतो.

फाइलमध्ये ‘शेंगा चटणी’ऐवजी उलटी तिरपी रेघ, यू आणि आकड्यांची रांग दिसली तर घाबरू नका. माहिती बिघडलेली नसते, वाचताना नीट मराठीच मिळते. डोळ्यांनाही मराठी दिसायला हवं असेल तर लिहिताना ‘एन्शुअर आस्की’ला फॉल्स सांगा, आणि फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ द्या.

आता तुमच्या लाइटचा मुद्दा. फाइल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडली की त्याच क्षणी जुना मजकूर पुसला जातो, नवा नंतर लिहिला जातो. त्या मधल्या वेळात लाइट गेली तर नवंही नाही आणि जुनंही नाही. म्हणून जाणती माणसं आधी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये पूर्ण लिहितात, ती बंद करतात आणि मग ‘ओएस’ मॉड्यूलच्या ‘रिप्लेस’ने तिला जुनीच्या जागी बसवतात. दर ऑर्डरीला सगळी फाइल नव्याने लिहायची, आणि तीही अशी जपून. एवढं करण्यापेक्षा एसक्यूलाइट हा डेटाबेस सोपा.

डेटाबेस म्हटलं की सर्व्हर, पासवर्ड, महिन्याचं भाडं असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. एसक्यूलाइटला यातलं काहीच लागत नाही. सगळा डेटाबेस एका फाइलीत असतो, ती पेन ड्राइव्हवर कॉपी होते, आणि ‘एसक्यूलाइट ३’ हे मॉड्यूल पायथनसोबतच येतं. तुमच्या ॲन्ड्रॉइड फोनमध्ये आजही तेच काम करतंय. नोंद अर्धवट असताना लाइट गेली तर पुढच्या वेळी फाइल उघडताना ते अर्धवट काम मागे घेतं. आधीच्या पूर्ण झालेल्या ऑर्डरी जागच्या जागी राहतात.

यात ‘पूर्ण झालेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. नोंद टाकल्यावर ‘कमिट’ म्हणावं लागतं. ते म्हटलं नाही आणि प्रोग्रॅम बंद केला, तर नोंद गेली. माझ्या संध्याकाळच्या क्लासला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पहिलं रडगाणं हेच असतं. म्हणून प्रत्येक ऑर्डरीनंतर कमिट करा, दिवसअखेरीस एकदम नको.

टेबलं कशी करायची यासाठी तुमची जुनी वही काढा. मी पूर्वी चाटी गल्लीत एका कापड दुकानात हिशेब लिहायचे, तेव्हापासून मला सवय आहे: आधी कागद बघायचा, मग क्लास लिहायचा. तुमच्या वहीत एका गिऱ्हाइकाच्या नावाखाली दोन-तीन ओळी असणार. चटणी अर्धा किलो, भाकरी चार पाकिटं. पायथनमध्ये तुम्ही ऑर्डरीच्या आत वस्तूंची यादी ठेवता, ते ठीक. टेबलात मात्र एका खान्यात यादी कोंबू नका. एक टेबल ऑर्डरींचं: क्रमांक, गिऱ्हाईक, तारीख, पैसे आले की नाही. दुसरं टेबल ओळींचं: कुठल्या क्रमांकाच्या ऑर्डरीतली, कुठली वस्तू, किती. मग ‘यात्रेत एकूण चटणी किती किलो लागेल’ हा प्रश्न एका वाक्यात सुटतो. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवा. दशांशात ०.१ अधिक ०.२ केलं की पायथन ०.३ च्या पुढे शून्यांची माळ लावून शेवटी एक ४ चिकटवतं.

गिऱ्हाइकाचं नाव डेटाबेसला द्यायच्या वाक्यात अधिक चिन्हाने जोडू नका, प्रश्नचिन्ह ठेवून नाव वेगळं द्या. नावात एखादं अवतरण चिन्ह आलं की जोडलेलं वाक्य तुटतं, आणि कुणी मुद्दाम तसं लिहिलं तर त्याहून वाईट घडू शकतं.

शेंगा कुटून द्यायचं मशीन आहे की अजून उखळातच? पत्रात ते लिहिलंच नाहीत.

सोसायटीचा खजिनदार आहे, निवृत्तीनंतर पायथन शिकतो आहे. मेंटेनन्स न भरलेल्यांची यादी हवी म्हणून लूप चालवून, पैसे भरलेला सभासद दिसला की ‘रिमूव्ह’ने काढतो. तरी भरलेले काही जण यादीत उरतातच. त्यांना स्मरणपत्रं गेली आणि माझी शोभा झाली.
*– होटगी रोड*

ज्या यादीवरून लूप चालू आहे तिच्यातूनच तुम्ही नावं काढताय. १०१ ते १०४ चौघांनीही पैसे भरलेत असं समजा. लूप पहिल्या जागेवर आला, १०१ काढला. मागचे सगळे एक जागा पुढे सरकले, १०२ पहिल्या जागी आला. लूप मात्र दुसऱ्या जागेकडे गेला, तिथे आता १०३ आहे. तोही निघाला. १०२ आणि १०४ कडे कोणी बघितलंच नाही. जुन्या यादीला हात न लावता, न भरलेल्यांची नवी यादी तयार करा. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने, म्हणजे एका यादीवरून दुसरी करायच्या छोट्या पद्धतीने, ते एका ओळीत होतं.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. भरलेल्या सभासदाला काढायचंच कशाला? खतावणीतून पान फाडतो का आपण? ऑब्जेक्टमध्ये भरल्याची तारीख आणि पावती क्रमांक ठेवा आणि तारीख रिकामी असलेले तेवढे दाखवा. पुढच्या सर्वसाधारण सभेत कुणी ‘मी भरले होते’ म्हणून उठलं, तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

यादी सीएसव्हीमध्ये काढली. एक्सेलमध्ये मराठी नावांचा कचरा दिसतो आणि दुकानांच्या फोन नंबरातला ०२१७ चा शून्य जातो.
*– नवी पेठ*

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेली मजकुराची फाइल. ती लिहिताना एन्कोडिंगला ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. सुरुवातीला एक खूण पडते आणि ती बघून एक्सेल मराठी ओळखतं. शून्याचं म्हणाल तर फोन नंबर ही संख्या नव्हेच, त्याची कधी बेरीज करत नाही आपण. पायथनमध्ये तो अवतरण चिन्हांत, मजकूर म्हणून ठेवा. नुसता ०२१७ लिहिलात तर पायथन ३ ती ओळ चालवणारच नाही. एक्सेलमध्ये फाइलवर डबल क्लिक करू नका. ‘डेटा’ मेनूतून ती आत घ्या आणि त्या कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ निवडा. तोवर ती फाइल एक्सेलमधून सेव्ह करू नका, नाहीतर मूळ फाइलीतलाही शून्य जाईल.