पुरण कोणाला, फुलोरा कशाला

श्रावण-भादव्याच्या अंकाला येणारी पत्रं बहुतेक चुलीजवळूनच येतात. या वेळी तीन घेतली आहेत. पोळ्याचं आधी, कारण सण तोच आधी येतो.

काकू, आमची बैलजोडी विकली, आता ट्रॅक्टर आहे. आई मात्र पोळ्याला पुरण घालतेच आणि पहिली पोळी ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवते. मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. ही पोळी द्यावी तरी कोणाला? (एक शेतकरी, पुलगावकडून)

भाऊ, बोनेटवरची पोळी कावळे नेतात. पण आईला हसू नका, तिला वाढायला कोणीतरी पाहिजे आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप लावायचं, पळसाच्या पानानं शेकायचं आणि बैलाला म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' दुसऱ्या दिवशी बैल पाहुणा. त्याला आधी वाढायचं, घरचे मागून बसायचे. पुरणाचा सगळा घाट या एका आवतनासाठी आहे. ट्रॅक्टरला आवतन देऊन काय करता? त्याचं ऑइल बदला, त्याला तेच गोड लागेल.

तुमच्या वावरात आवतनाचे मानकरी अजून आहेत. बैलांसोबत सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, तोही त्या दिवशी मिरवायचा. तोरणाखालून जोडी निघाली की घरोघरी फिरायची, त्याच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, पडायचा, त्याचं ताट मालकाच्या घरी असायचं. बैल विकले तेव्हा सालदाराचं ते ताटही उठलं, पण त्याबद्दल मला आजवर कोणी पत्र लिहिलं नाही. आता तुमच्याकडे निंदणाला आणि वेचणीला बाया येतात, कोणी फवारणी करतो, एखादा पोरगा ट्रॅक्टर चालवतो. आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आवतन द्या. फोनवर नाही, दारात उभं राहून.

आणि आईला घेऊन तोरणाशी जा. शेजाऱ्याच्या बैलाला तिच्या हातची पोळी भरवू द्या, अर्धीच. पोळ्याच्या दिवशी जो तो भरवतो आणि रात्री बैलाचं पोट फुगतं, मग डॉक्टर शोधत फिरा. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, रंगल्या असतील तर तिथेच थांबा. त्यात सावकारापासून कापसाच्या भावापर्यंत सगळ्यांची उणीदुणी निघतात. ती ऐकायला दावणीला बैल असावेच लागतात असं नाही.

माझं माहेर ठाण्याचं, सासर दारव्हा तालुक्यात. घरी महालक्ष्म्या, म्हणजे आमच्या माहेरच्या गौरी, बसतात. त्यांच्यावर टांगायच्या फुलोऱ्यातल्या करंज्या-पापड्या समजू शकते, पण पिठाची वेणी, फणी, आरसा करायला सासूबाई रात्रभर बसवतात. नंतर ते कोणी खात नाही. यवतमाळला तयार मिळतं. आणलं तर चालेल का? (एक सून)

चालेल. महालक्ष्म्या रागावणार नाहीत. सासूबाईंची हमी मी देत नाही.

पण आधी हे सगळं आहे कशासाठी ते बघ. महालक्ष्म्या म्हणजे माहेरवाशिणी. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. घरी आलेल्या लेकीला आपण नुसतं जेवू घालतो का? न्हाऊ घालतो, तिची वेणी घालतो, तिच्यापुढे आरसा धरतो. हाताशी पीठ होतं, म्हणून शिणगारही पिठाचाच झाला. म्हणून तर तो ताटात न वाढता त्यांच्या डोक्यावर मखराला टांगतात. वर्षभर आपल्या स्वयंपाकाला लोक एकच विचारतात, मीठ बरोबर आहे का. फुलोऱ्याला मिठाचं कोणी विचारत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बाया आधी वर बघतात आणि म्हणतात, 'मायबाई, फणीचे दात कोणी काढले?' आमच्या धाकट्या जावेला भाजी साधत नाही, भाकर तर फुगतच नाही. पण तिच्या हातची फणी बघायला शेजारच्या गल्लीतून बाया येतात. एरवी दबून असलेली ही बाई त्या तीन दिवसांत काय ताठ चालते!

रात्रभर बसावं लागतं ते मात्र पद्धत चुकते म्हणून. रवा-मैदा घट्ट भिजव, सैल पिठाचा घाट तळताना जातो. वेणीच्या तीन वळ्या सारख्या जाडीच्या घे. फणीचे दात सुरीनं कापले की चिमटीनं जरा फाकव, नाहीतर कढईत एकमेकांना चिकटतात. दोरा ओवायचं भोक कच्चं असतानाच काडीनं पाड. आणि आच मंद. तेल फार तापलं तर वेणी वरून लाल होते, आत कच्ची राहते, मग भादव्याच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीच मऊ पडून दोऱ्यावरून निसटते. आमच्याकडे एकदा नेमकी आरतीच्या वेळी थोरल्या महालक्ष्मीच्या मुकुटावर पडली होती.

तेव्हा माझं मत असं: करंज्या, लाडू, पापड्या खुशाल विकत आण. वेणी, फणी, आरसा एवढंच घरी कर, तेही दुपारी, पोरांना आणि नवऱ्याला सोबत घेऊन. पुरुषाचा हात लागलेला चालत नाही म्हणणाऱ्या घरांत पंगतीचा आचारी पुरुषच असतो, हे सासूबाईंना गोडीत आठवण करून दे. विसर्जनानंतर सगळं चुरून गूळ-तूप घाल आणि लाडू वळ, मग खात नाही कोण ते बघू.

सोळा भाज्यांपैकी चार कमी झाल्या तरी मला चालतात. आंबील मात्र सोडू नकोस. पुरण आणि तुपाच्या त्या जेवणात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबीलच काय ती माणसाला ताटावरून उठू देते.

आमच्या गल्लीतल्या मुली भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, मांडून त्यांच्यापुढे गाणी म्हणतात, पण खिरापत म्हणून चिप्सची पाकिटं आणतात. रागावलं की रुसतात. काय करावं? (एक आई, हिंगणघाट)

रागावू नका, नियम करा. खिरापत खाण्याच्या आधी ओळखायची असते. गाणी संपली की डबा कानाशी हलवायचा, गोड की तिखट एवढंच विचारायचं आणि अंदाज बांधायचा. फुटाणे खडखडतात, लाडू धपधपतो. पाकीट मात्र पिशवीतूनच चुगली करतं. तेव्हा काहीही आणा, पण डब्यात घालून आणा. चिप्ससुद्धा चालतील. सगळ्यांना हरवील ती उद्या पहिलं गाणं सुरू करील. मग बघा, शेंगदाणे वाजू नयेत म्हणून पोरी ते रुमालात कसे बांधून आणतात.

मखराचं मात्र आत्ताच बघा. भुलाबाई-भुलोजीला ज्वारीच्या पाच धांड्यांची खोपडी लागते आणि चहूकडे आता सोयाबीन नाहीतर कापसाची पऱ्हाटी. गुरांच्या कडब्यापुरती का होईना, ज्वारी पेरणारा एखादा तरी जवळपास असेल. कापणीच्या आधी त्याला सांगून ठेवा, आणि धांडे कणसासकट मागा.