मिठी गोड, खाडी माहीमची

प्रश्न असा आलाय: "वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालून जे पाणी माहीमला समुद्राला मिळतं, त्याला कुणी मिठी नदी म्हणतं, कुणी मिठी नाला. पाट्यांवर 'मीठी'सुद्धा दिसतं. इंग्रजी बातम्यांत 'एस्चुअरी' असतं. मराठीत नेमकं काय म्हणायचं? आणि मिठी म्हणजे आलिंगनच ना?"

आधी लेखन. 'मि' ऱ्हस्व. शेवटचं अक्षर दीर्घ असलं की आधीचा इकार मराठीत ऱ्हस्व होतो; 'मीठी' हे हिंदीचं शुद्धलेखन आहे आणि ते हिंदीत शोभतं. पाटी रंगवणाऱ्यावर माझा राग नाही, ती मंजूर करणाऱ्यावर आहे. पुढे जाऊ.

एस्चुअरी म्हणजे खाडी. इतकं सोपं उत्तर असताना हल्ली 'मुहाना' वाचावा लागतो, हे दुखणं वेगळंच. त्याहून मोठं दुखणं उलट्या बाजूचं: 'खाडी देश', 'खाडी युद्ध'. हिंदीत बंगालचा उपसागरही 'खाड़ी' आणि इराणचं आखातही 'खाड़ी'. त्यांना चालतं, चालू दे. आपल्याकडे उपसागर, आखात आणि खाडी असे तीन शब्द तीन वेगळ्या आकारांसाठी आयते पडलेले आहेत. १९९१ साली मराठी वर्तमानपत्रं बिनदिक्कत 'आखाती युद्ध' छापत होती. मधल्या काळात आखाताची खाडी झाली ती भाषांतराच्या घाईने. आणि आखात काही कमअस्सल शब्द नव्हे: अमरकोशात 'अखातं देवखातकम्' आहे, म्हणजे माणसाने न खणलेलं, देवाने खणलेलं तळं. आपला 'आखात' मी तिथूनच आणतो. 'आ' लावला की संस्कृतात अर्थ उलटतो, खणलेलं असा होतो, असा आक्षेप घेणारे भेटतात. त्यांनी इराणचं आखात कुणी खणलं ते सांगावं.

खाडी मात्र संस्कृताच्या दरबारातून आलेली नाही. खड्डा, खाड, खाडी हे एकाच घरातले. समुद्राने जमिनीत पाडलेला लांबट खड्डा, ज्यात भरती शिरते. कोशातून आणलेला शब्द नव्हे, पाण्यात पाय घालणाऱ्यांनी घडवलेला.

परिभाषा घडवणाऱ्या मंडळींना तो बहुधा म्हणूनच पुरेसा भारदस्त वाटला नाही आणि त्यांनी 'नदीमुख' पुढे केलं. नदीमुख हा शब्द सुंदर आहे, वादच नाही. रघुवंशात लहानगा रघू अक्षरं शिकतो आणि त्या वाटेने वाङ्मयात शिरतो, 'नदीमुखेनेव समुद्रमाविशत्'. पण कालिदासाने तो कशासाठी वापरला ते पाहा: दारासाठी. नदीतून समुद्रात जायचं दार, आणि तेही एकेरी. खाडीत समुद्र दिवसातून दोनदा नदीत येतो आणि दोनदा माघारी जातो. शिवाय मुख ही एक जागा झाली, तर खाडी मैलोन् मैल असते. ज्या पट्ट्यात पाणी ना गोडं ना खारं, मचूळ असतं, तो अख्खा पट्टा खाडी. 'मचूळ' शब्द तरी शाबूत आहे ना? की तिथेही 'ब्रॅकिश'च?

आता मिठी खाडी म्हणायचं का, तर नाही. मराठीची रीत इतकी पक्की आहे की ती कुणी अजून नियम म्हणून मांडलेली नाही याचं मला नवल वाटतं. नदीचं नाव वरून येतं आणि खाडीचं नाव मुखाजवळच्या बंदरावरून. वाशिष्ठी खाली आली की ती दाभोळची खाडी होते. सावित्रीची बाणकोटची खाडी, शास्त्रीची जयगडची, कुंडलिकेची रेवदंड्याची, वाघोटनची विजयदुर्गची. उल्हास नदीसुद्धा वसईला पोचेपर्यंत वसईची खाडी झालेली असते. तसंच हे: वर मिठी, खाली माहीमची खाडी. लोक पिढ्यान् पिढ्या माहीमची खाडीच म्हणत आले. २००५ च्या पुरानंतर सरकारी कागदांवर विहार तलावापासून समुद्रापर्यंत सगळं एकजात 'मिठी नदी' झालं आणि खाडी कागदावरून उडाली. गंमत म्हणजे कामाची वाटणी करताना त्याच कागदांनी ती जवळपास बरोबर ओळखली. सुमारे १७.८ किलोमीटरपैकी माहीमच्या कॉजवेपासून कुर्ल्याजवळच्या सी. एस. टी. रोडवरच्या पुलापर्यंतचे खालचे सहा किलोमीटर एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आणि वरचे ११.८४ महापालिकेकडे. खालचे सहा म्हणजे भरती-ओहोटीचा मुलूख. नाव नाकारलं, पण हद्द आखून गेले.

मग नदी कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते? इथे कायद्याने जे केलंय ते मला फार आवडतं. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार नदीत भरतीचा प्रभाव कुठवर, हे पाण्याच्या खारटपणावरून ठरतं. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात, दर हजारी ५ भाग. लिटरभर पाण्यात साधारण पाच ग्रॅम मीठ भरलं की तिथवर किनाऱ्याचा कायदा लागू, काठाचं बांधकाम त्याच्या कक्षेत. (काठाची पट्टी २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकी, यांतलं जे कमी ते; २०१९ मध्ये शंभराचे पन्नास झाले.) म्हणजे मिठी कुठे संपते हे विचारायचं तर उत्तर मीठ देतं!

आणि आता मुद्द्याचं, मीठ.

मराठी मीठ खारट आणि हिंदी मीठा गोड, हा विनोद शाळेपासून सगळ्यांनी ऐकलेला आहे. तो विनोद नाही, सख्खं नातं आहे. संस्कृत 'मृष्ट' म्हणजे घासूनपुसून स्वच्छ केलेलं, आणि त्यावरून चवदार, रुचकर. प्राकृतात त्याचं 'मिट्ठ' झालं. ज्याने जेवण चवदार होतं ते मिट्ठ. मग कुणी त्याचा अर्थ साखरेकडे ओढला, कुणी क्षाराकडे. हिंदी एका बाजूला गेली, मराठी दुसऱ्या. गुजराती मजेत मधे उभी आहे: तिथे 'मीठुं' म्हणजे मीठही आणि गोडही. आपलं 'मिष्टान्न' तरी काय, 'मिट्ठ'ला पुन्हा संस्कृताचा अंगरखा चढवून 'मिष्ट' केलंय. तेव्हा पंगतीत पानाच्या कोपऱ्यात वाढलेलं मीठ आणि मधोमध वाढलेलं मिष्टान्न ही भावंडं आहेत. मग मिठाला मराठीत आधी काय म्हणत? लवणावरून आलेलं लोण. ते लोणच्यात मुरलं, अळणीत 'अलवण' होऊन राहिलं, आणि लावण्य होऊन भलतीकडेच मिरवायला लागलं.

तर नदीच्या नावात कोणतं मिट्ठ? माझं मत स्वच्छ आहे: गोड. आलिंगनाचा पक्ष (बेटांना कवेत घेणारी वगैरे) कवितेत ठेवावा. मिठाचा पक्ष जास्त गंभीर आहे. नदीकाठच्या फेऱ्या घडवणारे जाणकार ठामपणे सांगतात की काठचा मुलूख खारा, जवळच मिठागरं, म्हणून मिठी. हे ऐकलं की माझा पारा चढतो. खाऱ्या खाडीला खारी म्हणून कोण ओळखतं? सगळ्याच खाड्या खाऱ्या. नाव पडतं ते वेगळेपणावरून. शिवाय मिठाची मराठीत 'मिठी' होत नाही. मिठागर होतं, मीठभाकर होते. 'मिठी भाकर' कुणी खाल्लीय? किनाऱ्यावरच्या माणसाच्या नजरेने पाहा. पुढे समुद्र खारा, बाजूला खाजणं खारी, वांद्र्याच्या पलीकडचं खार तर नावानिशी खार. शेजारचं कुर्लं कुर्ल्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून, आलं म्हणतात, आणि चिंबोऱ्यांचं गाव म्हणजे चिखलाचंच गाव. या सगळ्यात एकच प्रवाह असा की ओहोटीला वर गेलं तर पवईच्या डोंगरांकडून गोडं पाणी उतरतंय. त्याला मिठी नाही म्हणणार तर काय म्हणणार? शब्द गुजरातीच्या शेजाराने आला की उत्तर कोकणच्या बोलीत दोन्ही चवी एकाच शब्दात नांदत होत्या तेव्हाचा आहे, यावर वाद घालू. मी दुसऱ्या बाजूला.

हे गोडं पाणी गेलं कुठे, तर नळात. विहारचा तलाव १८६० मध्ये झाला आणि शहराला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. पुढे १८९० च्या सुमाराला पवई. उगमच बांधला गेल्यावर नदी उरली ती तलावांच्या सांडव्यापुरती, पावसाळ्यातली. उरलेल्या आठ महिन्यांत तिच्यात येतं ते शहराने वापरून सोडलेलं पाणी. म्हणजे वरून घेतलेलं गोडं पाणी खालून सांडपाणी होऊन परत. खालच्या बाजूलाही, खाडीत आडवे बांध घालून, हात धुऊन घेतले होतेच: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शीवचा बांध, १८४० च्या दशकात माहीमचा कॉजवे, ज्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजींनी १,५७,००० रुपये दिले, आणि १८५३ ची रेल्वे. शीव म्हणजे सीमा, वेस; मुंबई आणि साष्टी यांच्यामधली ती वेस म्हणजे ही खाडीच, पण इंग्रजी 'सायन'ने तो अर्थ गिळला. मधल्या दलदलीवर भर टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. विमानतळाच्या धावपट्टीपाशी नदीला काटकोनात वळवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७४ च्या आसपास, आणि त्याच दुपारी मोठी भरती. ते पाणी जाणार कुठे होतं?

नाल्याचा प्रश्न राहिलाच. 'नाल' म्हणजे कमळाचा पोकळ देठ. नळ, नळी, नाला सगळे त्याचेच. पोकळ, सरळ, एका टोकाने घालायचं आणि दुसऱ्या टोकाने काढायचं. म्हणून खाडीला नाला म्हणू नये. गंध येतो म्हणून नव्हे, ती एका दिशेने वाहत नाही म्हणून. पण एकदा नाला म्हटलं की उपायही नाल्याचेच सुचतात: दोन्ही काठांना भिंती घाला, तळ खोल करा, दर उन्हाळ्यात गाळ काढा. भरतीच्या पट्ट्यात तळ समुद्रपातळीच्या खाली नेला तर जादा खोलीत भरतीचंच पाणी भरतं, आणि खारेपणा आणखी वर सरकतो. गाळही पुन्हा येतो, कारण गोड्या पाण्यात एकेकटे तरंगणारे चिकणमातीचे कण खाऱ्या पाण्याची गाठ पडताच एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. आलिंगनवाल्यांना मिठी हवीच असेल तर ती इथे आहे. हा गाळ तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांत अडकला असता तर काठ बांधला गेला असता. भिंतीच्या आत तो फक्त कंत्राटाचा विषय होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांची तोड सरसकट बंद केली ती उगाच नव्हे. याच खाडीकाठी, धारावीला लागून, कचऱ्याच्या जुन्या डेपोवर महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं जंगल उभं आहे. तिथल्या काठाला नाल्याचा काठ म्हणून दाखवा.

तेव्हा सी. एस. टी. रोडच्या पुलापर्यंत मिठी नदी, त्याखाली माहीमची खाडी. आणि आता कुणीतरी विचारणार की त्या पुलाचा आणि बोरीबंदरच्या स्टेशनाचा संबंध काय. काही नाही. सी. एस. टी. म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. साल्सेट म्हणजे साष्टी, आणि साष्टीतली सहासष्ट गावं कोणती यावर मला बरंच बोलायचं आहे, पण ते कुणी विचारल्यावर.