उघड्यावरची शाळा सुरू करताय? आधी एकच झाड निवडा

दर आठवड्याला नवी जागा नको. पोरं नुसती हुंदडतात, निरीक्षण होत नाही. साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याचा एखादा करंज पुरे. वर्षभर तिथंच जा. कास पठारावर फुलांच्या हंगामात नेऊ नका, तिथं पाय ठेवायलाच बंदी फार.

आठ मुलांमागे एक मोठं माणूस. वेळ सकाळी आठ ते दहा.

सगळ्यांना एकच काम दिलंत की निम्मी कंटाळतात. पहिलीतला पानं आकारानं लावेल, तिसरीतली खोडाचा घेर सुतळीनं मोजेल. घेर दरवेळी जमिनीपासून १३० सेंटिमीटरवरच मोजा, तिथं खडूची खूण करा. नाहीतर पुढच्या महिन्यात झाड बारीक झालेलं निघतं!

चौथीसाठी एक दिवस दुपारपर्यंत थांबा. मीटरभर काठी उभी रोवून दर पंधरा मिनिटांनी सावलीचं टोक खड्यानं नोंदवा. सर्वांत आखूड सावली बाराला नाही, साडेबाराच्या आसपास पडते. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात, सातारा पश्चिमेला ७४ अंशांवर, म्हणून सूर्य इथं अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो. उत्तर लगेच सांगू नका, भांडू द्या त्यांना.

कड्याला किंवा झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदला. दगड मारणारा एक तरी निघतोच.