पुण्याचा स्कायलाइन टिपायचा तर जागा आधी उजेडात बघून या

पहिल्याच दिवशी ट्रायपॉड घेऊन निघू नका. स्कायलाइन म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी इमारतींची रांग. तिचा फोटो ज्या टेकडीवरून काढायचा ती शहराच्या कोणत्या बाजूला आहे ते आधी नकाशात पाहा, मग सूर्य कुठे उगवतो-मावळतो ते ताडा. वेताळ टेकडी पश्चिमेला आहे. तिथून पूर्वेकडे शहर दिसतं, म्हणजे संध्याकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊन इमारतींवर पडतं. सकाळी तिथेच सूर्य समोर येतो आणि सगळं धुरकट होतं. पर्वतीवर १०३ पायऱ्या चढलात की उत्तरेला जुनं शहर पसरलेलं असतं. तिथे ऊन बाजूने येतं, त्यामुळे छपरांचा उठाव छान दिसतो.

खरी वेळ सूर्यास्तानंतरची २० ते ३० मिनिटं. आकाश गडद निळं असतं आणि घरांतले दिवे लागलेले असतात. त्यानंतर आकाश नुसतं काळं होतं. कॅमेऱ्यात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर २ ते ८ सेकंद उघडा, सोबत २ सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका सावरणारी सोय) बंद ठेवा.

टेकडीवर वारा फार. ट्रायपॉडला बॅग अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबकळत राहिली की झुलते आणि फोटो हलतो. मधला दांडा वर काढूच नका.

डिसेंबरात धुरकं असतं. पाऊस नुकताच थांबलेला असतो तेव्हा हवा धुतल्यासारखी स्वच्छ मिळते, तो दिवस सोडू नका. शहराचे दिवे टिपायला कोंढव्याहून सासवडकडे जाणाऱ्या बोपदेव घाटात मात्र रात्री एकट्याने अजिबात जाऊ नका.