स्टेलरेटरवर पीएच.डी. : विषय अरुंद की जागा कमी?

प्रश्न : मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. स्टेलरेटरमधल्या (प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडून संलयन घडवू पाहणाऱ्या यंत्रातल्या) प्लाझ्मा लहरींची अस्थिरता रोखण्यावर पीएच.डी. करावी असं मनात आहे. घरचे म्हणतात, एवढा अरुंद विषय घेऊन पुढे काय करणार, सरळ डेटा सायन्सकडे वळ. काय करू?

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे, फक्त विषयापेक्षा जागांची काळजी करायला हवी. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलस्टाइन 7-एक्ससारखे मोठे स्टेलरेटर जगात बोटांवर मोजण्याइतके. पीएच.डी.नंतर पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी, त्यानंतर बहुधा आणखी एक, आणि तेही बऱ्याचदा दुसऱ्या देशात. याची तयारी नसेल तर आत्ताच थांबलेलं बरं.

विषय मात्र अरुंद नाही. ‘अस्थिरता रोखणं’ हे तू एकच काम धरलं आहेस, पण त्यात निदान दोन वेगळी कामं आहेत. टोकामॅक या दुसऱ्या प्रकारच्या संलयन यंत्रामध्ये चुंबकीय क्षेत्राला पीळ देण्यासाठी प्लाझ्मातून मोठा विद्युतप्रवाह न्यावा लागतो. तो बिघडला की सगळा प्लाझ्मा क्षणात कोसळू शकतो. स्टेलरेटरमध्ये हा पीळ मुख्यतः बाहेरच्या वाकड्यातिकड्या कॉइल्स देतात, त्यामुळे ती धास्ती फारशी उरत नाही. पण लहरी उरतातच. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या संलयनात 3.5 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण (हेलियमचं केंद्रक) मिळतो आणि पुढे त्यानेच प्लाझ्मा तापवत ठेवायचा असतो. त्याचा वेग आल्फवेन लहरीच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्ररेषांवरून धावणाऱ्या लहरीच्या, वेगाशी जुळला, तर तो आपली ऊर्जा लहरीला देतो, लहर फोफावते आणि असे कण प्लाझ्मा तापवण्याआधीच बाहेर फेकले जातात. तापन घटतं, भिंतीलाही मार बसतो. हे झालं पहिलं काम. दुसरं आहे तापमानाच्या उतारामुळे उठणाऱ्या बारीक लहरींचं, म्हणजे टर्ब्युलन्सचं (खळबळीचं). वेंडेलस्टाइनमध्ये बाहेरून कितीही तापवलं तरी आयनांचं तापमान बऱ्याच प्रयोगांत दीडेक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी (सुमारे पावणेदोन कोटी अंश) अडून बसलं, ते यामुळेच. गोठवलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या आत सोडून मध्यभागाची घनता वाढवली, तेव्हा ते आणखी चढलं.

रोखण्याचे उपायही दोन जातीचे. एक, यंत्र चालू असताना करायचे : गोळ्या सोडणं किंवा मायक्रोवेव्ह तापनाची जागा आणि दिशा बदलणं. माद्रिदच्या टीजे-2 या स्टेलरेटरमध्ये अशा तापनाने सलग चालणारी आल्फवेन लहर तुटक, सतत वारंवारता बदलणारी झालेली दिसली. म्हणजे बटण आहे, पण ते दाबल्यावर नेमकं काय होईल हे अजून पूर्ण हातात नाही. दुसरा उपाय म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा आकारच असा निवडायचा की लहरींना खतपाणी कमी मिळेल. माझ्या मते पुढची खरी मजा इथे आहे. हे काम यंत्र बांधण्याआधी, संगणकावर होतं. एकेका आकाराची चाचणी घ्यायला महासंगणक लागतात आणि आता त्यात मशीन लर्निंगही आलं आहे. घरच्यांना हे जरूर सांग. ज्या कौशल्यांसाठी ते तुला डेटा सायन्सकडे ढकलताहेत, त्यातली बरीचशी इथे रोजच्या कामात लागतात. उद्या क्षेत्र सोडावं लागलंच, तर ती सोबत येतील. खासगी कंपन्याही उतरल्या आहेत, 2023 मध्ये सुरू झालेली म्युनिकची प्रॉक्सिमा फ्यूजन ही त्यातली एक. पण नव्या कंपन्यांच्या भरवशावर आयुष्याचा आराखडा आखू नकोस.

पीएच.डी. स्टेलरेटरवरच हवी असा हट्ट धरू नकोस. अल्फा कण आणि आल्फवेन लहरींचं गणित टोकामॅकवर शिकलीस तरी चालतं. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत टोकामॅकच आहेत. तिथली उन्हाळी प्रकल्पाची संधी मिळाली तर सोडू नकोस.

आवड पारखायला पायथनमध्ये एकमितीय कणाधारित सिम्युलेशन (एकेका कणाची हालचाल संगणकावर मोजणारा प्रोग्राम) स्वतः लिही आणि समोरासमोर धावणाऱ्या दोन इलेक्ट्रॉन झोतांची अस्थिरता त्यात उठवून बघ. तिच्या वाढीचा दर मोज, तो कागदावरच्या सूत्राशी ताडून पाहा. पहिल्यांदा जुळणार नाही. ती चूक शोधताना दिवस कसा गेला हे कळलंच नाही तर पुढे जा. कंटाळा आला तर प्रयोगाची बाजू, म्हणजे प्लाझ्मा मोजणारी निदानयंत्रं, मायक्रोवेव्ह, तपासून बघ. पुढची पायरी म्हणून सिमसॉप्ट हे स्टेलरेटरचे आकार शोधणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, तेही पायथनमधूनच चालतं. संशोधकांना ईमेल लिहिशील तेव्हा ‘मला फ्यूजनची आवड आहे’ हे वाक्य गाळ आणि तुझा वाढीच्या दराचा आलेख जोड.