नव्वद मिनिटं माग, मन नको

बेटा,

तुझा मेसेज पहाटे पावणेचारचा आहे. म्हणजे तिकडे इंग्लंडात रात्री अकराला खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची विंडो बंद झाली, इकडे साडेतीन वाजले आणि पुढची पंधरा मिनिटं तू लिहीत-खोडत बसली असशील. ‘सर, तो गेलाच नाही. आता आम्ही काय करायचं?’

तो म्हणजे तुमच्या क्लबचा नऊ नंबर, दुसऱ्या क्लबला निघालेला आणि अडकलेला. गेला असता तर काय करायचं हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. यंदा पोळा आणि डेडलाइन लागून आले, आणि तुमच्या ग्रुपच्या पोरांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या आपल्या नागपुरी मारबतीच्या मिरवणुकीसाठी त्याचा बडग्याच, म्हणजे पुतळाच, करून ठेवला होता. बांबू, तणीस, वरून त्याचीच जर्सी, गळ्यात खोट्या नोटांची माळ. फोटो पाहिला. नाक झकास जमलंय. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मागे महागाईचे, पुढाऱ्यांचे बडगे निघतात, त्यांच्या रांगेत एक सेंटर फॉरवर्ड! ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ज्याला हाकलायचं, तो मात्र हलला नाही. आणि शनिवारी संध्याकाळी साडेसातला धरमपेठच्या त्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर, तो तुमच्याच रंगात मैदानावर उतरणार.

ग्रुपमध्ये दोन तट पडले म्हणतेस. एक तट म्हणतो, त्याच्या पायाला बॉल लागला की हुर्यो करायची. दुसरा म्हणतो, आधी त्याने माफीचा व्हिडिओ टाकावा, मग बघू. आणि तू मधे उभी राहून मला विचारतेस, ‘सर, त्याचं आमच्यावर प्रेम उरलंय का?’

हा प्रश्न वाचून मी फोन उलटा ठेवला आणि चहा घ्यायला गेलो. माझ्या हाताखाली तू राइट बॅक खेळलीस. तुझ्यासमोरचा विंगर कोणत्या क्लबवर प्रेम करतो, हे तू कधी पाहिलंस का? तू त्याचा डावा पाय पाहायचीस, खांदा पाहायचीस. मग आता काहून हे सुचतंय? फॅनने खेळाडूकडून नव्वद मिनिटं मागावीत. पुरती मागावीत, वसूल करावीत. पण त्याचं मन मागू नये. ते तुझं नव्हतंच, क्लबचंही नव्हतं. करार मनावर होत नसतो.

तुला सुआरेझ आठवणार नाही, तेव्हा तू प्रायमरीत असशील. 2013 चा उन्हाळा. लिव्हरपूलचा हा माणूस आधीच चेल्सीच्या इवानोविचला चावून दहा सामन्यांची बंदी भोगत होता, त्यात आर्सेनलला जायचा हट्ट धरून बसला. चाळीस मिलियनच्या वर बोली गेली की करारातल्या क्लॉजप्रमाणे त्याला सोडावंच लागतं अशी आर्सेनलची समजूत, म्हणून त्यांनी बोली लावली चार कोटी आणि वर एक पाउंड. तो एक पाउंड लिव्हरपूलवाल्यांना जास्त झोंबला. मालकाने ट्विटरवर विचारलं, तिकडे हे लोक ओढतात तरी काय? क्लबने सोडलं नाही. त्याला संघापासून वेगळा सराव करायला लावला. फॅन म्हणत होते, विका आणि सुटा.

मग बंदी संपून तो परत आला, आणि लीगच्या 33 सामन्यांत 31 गोल केले. पेनल्टी एकही नाही. नॉर्विचला एका रात्रीत चार ठोकले. लीग हातात येता येता निसटली. क्रिस्टल पॅलेसशी तीन-शून्य पुढे असताना तीन-तीन झालं, आणि हाच माणूस जर्सी तोंडावर ओढून मैदानातच रडला, दुसऱ्यांनी धरून आत नेला. मँचेस्टर सिटीपेक्षा दोन गुण कमी पडले. जुलैत तो बार्सिलोनाला गेला.

आता सांग, त्या मे महिन्यात त्याचं मन कुठे होतं? बार्सिलोनात? लिव्हरपूलमध्ये? मला नाही सांगता येत, आणि त्याने काही अडतही नाही. 31 गोल तर अडले नाहीत. ज्याला जायचंय तो मन लावून खेळणार नाही, हे तुमच्या ग्रुपचं गृहीतकच कच्चं आहे. माणूस एकाच वेळी जायलाही तयार असतो आणि हरायला अजिबात तयार नसतो.

जेरार्डचंही ऐक, कारण जर्सी जाळण्याचा विषय निघालाय. इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगचा कप उचलून दीड महिना झाला नव्हता, 5 जुलै 2005 ला त्याने क्लब सोडायचं कळवलं. लिव्हरपूलचाच पोरगा, लिव्हरपूलचाच कॅप्टन. त्याच्या नावाच्या जर्सी रस्त्यावर जळल्या. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, राहतो. पुढच्या मे महिन्यात एफए कपच्या फायनलला वेस्ट हॅमपुढे संघ दोन-तीन मागे, वेळ संपलेली, आणि याने लांबून असा काही फटका मारला की सामना पेनल्टीत गेला आणि कप आला. ज्यांनी जर्सी जाळली त्यांनी दुसरी विकत घेतली असणार. धंदा क्लबचा झाला.

तुझ्या त्या शुभमला (नाव बदललंय, तू ओळखशील) सांग, मी खेळाडूंची वकिली करत नाही. 2017 च्या जानेवारीत वेस्ट हॅमच्या पायेटने मी खेळणारच नाही म्हणून सांगितलं, आणि महिना संपायच्या आत मार्सेयला गेला. त्याच्यासाठी माझ्याकडे एक शब्द नाही. त्याने नव्वद मिनिटंच नाकारली. करा हुर्यो, मीही बसतो तुमच्यात. पण जायची इच्छा धरणं वेगळं आणि मैदानावर अंग चोरणं वेगळं. या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरू नका. तुझा नऊ नंबर शनिवारी प्रेसिंगला, म्हणजे समोरच्याकडे बॉल असताना त्याच्या अंगावर, धावला नाही, हरवलेल्या बॉलमागे परतला नाही, तर सत्तराव्या मिनिटाला खुशाल ओरडा. पहिल्या मिनिटाला नाही.

आणि ही निष्ठा निष्ठा म्हणून जी ओरड असते, तिचा हिशोब एकदा मांडून पाहा. बोस्मान नावाचा एक साधा बेल्जियन खेळाडू होता. त्याचा करार 1990 मध्ये संपला. संपला, तरी लिएजचा क्लब दुसरीकडे जाऊ देईना, आधी पैसे आणा म्हणे. वर पगार कापला. तो कोर्टात गेला आणि करार संपला की खेळाडू मोकळा, हा निकाल यायला 15 डिसेंबर 1995 उजाडलं. त्याआधी युरोपात बऱ्याच ठिकाणी करार संपलेला खेळाडूसुद्धा क्लबच्या दावणीलाच असायचा. आमच्या पिढीचे लोक जुन्या खेळाडूंच्या एका क्लबच्या कारकिर्दीचे गोडवे गातात, त्यातल्या किती जणांना दार उघडं होतं, हे कोणी विचारत नाही.

मला विचारता येतं, कारण मी त्यातलाच.

हे तुला कधी सांगितलं नाही. ऐंशीच्या दशकात मी इथल्या एका खात्याच्या टीममध्ये होतो. नोकरी म्हणजेच टीम आणि टीम म्हणजेच नोकरी. मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने बोलावलं. पगार बरा, राहायची सोय, कूपरेजवर खेळायला मिळणार. मी हो म्हणालो. मनातल्या मनात तर सामानही बांधलं. ना-हरकत पत्रासाठी अर्ज दिला आणि साहेबांनी तो टेबलाच्या खणात टाकला. महिने गेले. मुंबईवाल्यांनी दुसरा विंगर घेतला. संपलं.

त्या मोसमात मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं फुटबॉल खेळलो. यशवंत स्टेडियमवर कामठीचं पब्लिक यायचं. त्यांना फुटबॉल कळतं, आपल्या गड्याला शिव्या घालतात आणि समोरच्याच्या चांगल्या पासला टाळी देतात. त्यांची टाळी मी घेतली आहे. आणि वर्षाअखेर खात्याने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. भाषणात साहेब म्हणाले, मुंबईची ऑफर लाथाडून हा नागपूरशी एकनिष्ठ राहिला. ज्यांच्या खणात अर्ज पडला होता तेच साहेब! मी हात जोडले, शाल घेतली, खाली बसलो. काय बोलणार होतो? आई पहिल्या रांगेत होती.

आमच्यातले काही जण आजही म्हणतात, ‘तुले जाचंच होतं, तर मंग शाल काहून घेतली बे?’ घेतली. का घेऊ नये? ती मी मोसमभर पळून कमावली होती. एक सराव चुकवला नाही, एका टॅकलमधून पाय काढला नाही. मन मुंबईत होतं, हा माझा घरगुती मामला होता. त्याचा हिशोब मी कोणाला देणं लागत नाही, तेव्हाही नाही, आत्ताही नाही. मुंबईची रुखरुख आहेच. टीव्हीवर कूपरेज दिसलं की मी चॅनल बदलतो. पण त्या रुखरुखीची शिक्षा मी नागपूरच्या एकाही सामन्याला दिली नाही. तुझ्या नऊ नंबरकडूनही मी एवढंच मागतो.

पुढे कोच झालो तेव्हा हीच गोष्ट उलट्या बाजूने समोर आली. फायनलच्या आठवड्यात कळलं की आपला स्ट्रायकर दुसऱ्या क्लबशी बोलून बसलाय. कमिटी म्हणाली, बसवा याला बेंचवर, धडा शिकवा. मी खेळवला. आपण हरलो. पेनल्टीवर हरलो, आणि हो, पेनल्टी त्यानेच घालवली, तेव्हापासून माझ्या नावाने जे काही बोललं जातं ते तू ऐकलं असशीलच. पण त्याआधी बरोबरीचा गोल कोणी केला? तोही त्यानेच. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले असताना शेवटपर्यंत कोण पळत होतं? हे कोणी सांगत नाही. मी आजही तीच टीम उतरवीन. पेनल्टी चुकायला मन दुसरीकडे असावं लागत नाही. वर्ल्ड कपच्या फायनलला इटलीच्या बॅजिओचीही चुकली होती.

असो. तुझा विषय होता.

तिकडचे फॅनही तुमच्याइतकेच गोंधळतात, हे बघून थोडं हलकं वाटेल. 2021 मध्ये स्पर्सचा, म्हणजे टॉटनहॅमचा, हॅरी केन मँचेस्टर सिटीला जाणार जाणार म्हणून उन्हाळा गाजला. स्पर्सने त्याच्याविना पहिल्याच सामन्यात त्याच सिटीला हरवलं आणि स्टेडियम गायला लागलं, बघतोयस ना हॅरी केन? पुढच्याच आठवड्यात तो वुल्व्ह्सकडे सब म्हणून उतरला तर त्याच लोकांनी त्याचं स्वागत केलं. त्यानंतर त्याने क्लबचा गोलांचा विक्रम मोडला आणि 280 वर थांबून मगच बायर्नला गेला. बार्सिलोनाच्या मेस्सीने 2020 मध्ये बुरोफॅक्स (स्पेनमधली रजिस्टर्ड नोटीस) पाठवून निघायचं कळवलं, क्लबला कोर्टात खेचायचं नाही म्हणून राहिला आणि लीगमध्ये 30 गोल केले. कोविडमुळे कॅम्प नोऊ रिकामं होतं, त्यामुळे तिथल्या फॅनची परीक्षा तेवढी टळली.

आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदचा ग्रीझमन. त्याची गोष्ट त्या माफीच्या व्हिडिओवाल्या तटाला मुद्दाम ऐकव. 2018 मध्ये त्याने राहतोय असं सांगायला चक्क व्हिडिओ काढला. अ‍ॅटलेटिकोवाले खूश. वर्षभराने तो बार्सिलोनाला गेला. 2021 च्या डेडलाइनच्या रात्री परत आला तेव्हा स्वतःच्याच मैदानावर त्याला शिट्ट्या पडल्या (तिकडे शिट्टी म्हणजे निषेध, आपल्यासारखं नाही). त्यावर तो काही फार बोलला नाही. उतरला की मिडफिल्डपर्यंत मागे येऊन बॉल काढायचा. 2024 च्या जानेवारीत त्याने लुइस अरागोनेसचा क्लबसाठीचा 173 गोलांचा विक्रम मागे टाकला. व्हिडिओने काही टिकलं नाही, मिनिटांनी टिकलं. म्हणून तुझ्या नऊ नंबरने माफीचा व्हिडिओ टाकला तर मला उलट काळजी वाटेल. एजंटच्या ऑफिसातून लिहून आलेली दोन वाक्यं आणि छातीवरचा बॅज कुरवाळणं. बॅजला ओठ लावणाऱ्यांवर माझा कधीच विश्वास बसला नाही. मन मागितलं की लोक मनाचं सोंग आणून देतात.

तू लिहिलंयस, ‘पण सर, आम्ही रात्र-रात्र जागतो, त्याला काहीच वाटू नये?’ जागता ते त्याच्यासाठी नाही जागत. त्याच्या आधी दुसरा नऊ नंबर होता तेव्हाही जागत होतात. हे जागणं तुमचं आहे, त्याची पावती त्याच्याकडे मागू नका. मला माहीत आहे हे कडू लागेल. तू ज्या पोटतिडकीने या क्लबसाठी भांडतेस त्याचं मला कौतुकच आहे, दर पंधरा दिवसांनी तुझ्याशी ऑफसाइडवरून वाद घातल्याशिवाय मला करमत नाही. पण प्रेमाच्या बदल्यात प्रेमच हवं असेल, तर फुटबॉल सोड आणि कुत्रं पाळ.

शनिवारचं सांगतो. बडग्याच्या अंगावरची जर्सी काढ, धू आणि ज्याची आहे त्याला परत दे. बडग्या तसाच मिरवायचा असेल तर पोरांना सांग, त्यावर एजंटचा कोट चढवा, मी टाय देतो. हॉलमध्ये सुरुवातीला हुर्यो नाही आणि जयजयकारही नाही. तो पडद्यावर आला की तू तुझं नेहमीचं काम कर, संघ कुठल्या आकारात उभा आहे ते बघ. पहिल्या अर्ध्या तासात तो किती वेळा प्रेस करतो, बॉल गेल्यावर किती पावलं परत येतो, एवढं वहीत लिही. तुझी वही मला दाखव. मग भांडू.

शेवटचं विचारलंयस, ‘तो पुढच्या वर्षी जाईलच ना?’ जाईल. करार संपत आला असेल तर जानेवारीतच परदेशातल्या क्लबशी कागद करून मोकळा होईल आणि क्लबला एक पैसा मिळणार नाही, तेव्हा तुमचे लोक आतापेक्षा दुप्पट चिडतील. तेव्हा मला पहाटे पावणेचारला मेसेज करू नकोस. हेच पत्र पुन्हा वाच. नाहीच राहवलं तर सकाळी आठनंतर कर, तर्री-पोहे खाऊन झाल्यावर मी जरा बरा वागतो.

तुझा सर