बोटावरचा थेंब आणि कपाटातला बॅज

प्रश्न : मी चोपड्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. सहा महिने अंगावर पडलेली किरणं मोजणारा माझा बॅज कपाटातच पडून होता, कुणी विचारलंही नाही. मुलगा म्हणतो, अमेरिकेत बोटावरच्या थेंबावरून अंगात किती किरणं गेली ते रोबोट सांगतो. आपल्या जळगावला होईल का? – एक वाचक

उत्तर : भाऊ, पोरगा खरं बोलतोय. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानं 'रॅबिट' नावाची यंत्रणा बनवली. दिवसाला ३०,००० नमुन्यांपर्यंत मजल मारायची, हे तिचं उद्दिष्ट. पण ती गर्दीसाठी आहे. १९८७ साली ब्राझीलच्या गोयानियात भंगारातलं किरणोत्सारी सीझियम फुटलं, तेव्हा १,१२,००० माणसं तपासावी लागली. दूषित निघाली २४९. अशा रांगेपुढे माणसाच्या डोळ्यांचा काय पाड लागणार?

अमळनेरला परतण्याआधी मी मुंबईत हेच काम करायचो, रक्तातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून किरणांचा माग काढायचं. गुणसूत्राला एकच कंबर, म्हणजे आवळलेली जागा, असते. किरणांनी तुटलेले तुकडे भलतेच जुळले की दोन कमरांचं गुणसूत्र तयार होतं. ते शोधायला एका माणसाच्या ५०० ते १००० पेशी बघायच्या. संध्याकाळी जेवणाच्या ताटातही कमरा दिसायच्या! मोजणी रोबोट झटपट करील, पण त्याआधी पेशी ४८ तास वाढवाव्या लागतात, तिथं त्याचीही घाई चालत नाही. आणि रक्त हिरव्या झाकणाच्या, हेपारिनच्या नळीतच हवं. एकदा भुसावळहून ऐन मे महिन्यात जांभळ्या झाकणाची नळी आली, तीही उन्हात तापलेली. एक पेशी वाढेल तर शपथ.

आता तुमचं. अंगात गेलेली किरणं मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात; ही तपासणी साधारण १०० मिलिसीव्हर्टच्या खालचं काही धड पकडत नाही. तुमच्यासारख्यांसाठी मर्यादाच पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे. आडोशामागून बटण दाबत असाल, तर रिपोर्ट 'नॉर्मल' येईल आणि त्यातून सहा महिन्यांचा हिशोब काही लागणार नाही. मुंबईला बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, ही तपासणी होते, पण तुम्ही तिकडे धावू नका.

दवाखान्याच्या किरण-सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा : बॅज कधीपासून कधीपर्यंत वापरला नाही, रोज साधारण किती फिल्म काढल्या, आडोसा होता का. त्यावरून अंदाज बांधता येतो. उद्यापासून बॅज छातीवर, शिशाच्या अॅप्रनच्या आत.

आणि ते कपाट एक्स-रेच्या खोलीतच असेल, तर तेही त्या पत्रात लिहा. नाहीतर कपाटाचा डोस तुमच्या नावावर चढायचा.